टाकीचे घाव आणि पेणची माती

मृगाचे चार पाऊस पडले की पेणच्या बाजारात शेवळं येतात. रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून बसलेल्या कातकरी बायका, पुढ्यात शेवळांच्या जुड्या आणि शेजारी काकडांचे वाटे. नुसतं शेवळं घशाला खाजतं, काकडाच्या आंबटपणाने ती खाज मरते. म्हणून जाणता गिऱ्हाईक दोन्ही एकदम घेतो. दोनेक वर्षांपूर्वी अशाच एका पोत्यावर बाईच्या जागी दहा-अकरा वर्षांची मुलगी बसलेली होती. जुडी चाळीसला, वाटा दहाला. मी तीन जुड्या आणि दोन वाटे मागितले आणि मनात बेरीज करायला लागलो, तोवर तिने ‘एकशेचालीस’ म्हणून पिशवी पुढे केली होती. मी सवयीने म्हटलं, एकशेतीस घे. ती म्हणाली, ‘मंग वाटा एकच न्या.’

मी पाचशेची नोट दिली. ती शेजारच्या मावशीकडे गेली. मावशीने सुटे देताना आदल्या दिवसाचे वीस कापून घेतले, ते हिला आधीच ठाऊक होतं; कमी पडलेले तिने कनवटीतून काढले आणि माझे तीनशे सत्तर चोख माझ्या हातात ठेवले. कितवीला आहेस, विचारलं. पाचवीला. गणित येतं? ती हसली. ‘नाय येत.’

लाजून वगैरे नाही. तिच्या दृष्टीने ती खरी माहिती होती, वर्गातून आलेली. निघताना मी म्हटलं, पुढच्या रविवारी माझ्यासाठी चार जुड्या बाजूला ठेव. त्यावर तिने मान हलवली नाही. म्हणाली, ‘काका, आज काय ते न्या. परवाची बाय पन ठेव बोलली नि आलीच नाय.’

या दोन उत्तरांनी माझ्या डोक्यात जे काही सुरू झालं, त्याचाच हा लेख आहे. आधी पहिलं उत्तर.

१९८५ मध्ये ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्या नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांवर एक छोटासा अभ्यास केला. मुलं अवघी पाच. संशोधक गिऱ्हाईक होऊन गेले, नारळ-फळं घेत राहिले आणि हिशेब टिपत राहिले. बाजारात मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तेच आकडे कागदावर उभ्या मांडणीत दिले तेव्हा बरोबर आली ३७ टक्के. बारा वर्षांच्या एका मुलाला पस्तीसचा एक असे चार नारळ विकताना तिनाचे एकशेपाच, त्यावर तीस, मग पाच, असं करत एकशेचाळीस अचूक सांगता आले. कागदावर त्याच पोराने हातचा आधी मिळवला, मग गुणलं आणि उत्तर काढलं दोनशे. कुठलाही नारळवाला दोनशे म्हणाला असता तर गिऱ्हाइकाने नारळ तिथेच ठेवले असते. वर्गात मात्र त्याला फुली मिळते आणि विषय संपतो. चाळीस वर्षांनी, २०२५ मध्ये, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या गटाने कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या चौदाशेहून अधिक मुलांवर हेच तपासून पाहिलं. निष्कर्ष दुधारी निघाला. बाजारातली मुलं शाळेतल्या साध्या वजाबाकी-भागाकारात अडली. आणि कधीच काही न विकलेली, पुस्तकी गणित येणारी शाळकरी मुलं बाजारातल्या हिशेबात गडबडली. म्हणजे पूल दोन्ही तीरांवरून तुटलेला आहे. फक्त एका तीरावरच्या पोरांना आपण ‘कच्ची’ म्हणतो, दुसऱ्या तीरावरच्यांना नाही.

आपल्या भाषेत ‘परिस्थिती’ या शब्दाचं काय झालंय पाहा. मूळचा अर्थ सभोवताल. पण ‘त्याच्या घरची परिस्थिती नव्हती’ म्हटलं की मराठी माणसाला पुढचं काही सांगावं लागत नाही. मग परिस्थितीवर मात करायची असते, परिस्थितीची जाणीव ठेवायची असते. दहावीच्या निकालानंतर आठवडाभर वर्तमानपत्रांत मात केलेल्यांचे फोटो येतात: कोणी रिक्षावाल्याची मुलगी, कोणी धुणीभांडी करणारीचा मुलगा. कौतुक खरं असतं, करायलाच हवं. पण त्या कौतुकाच्या पोटात एक सिद्धांत गुपचूप वाढतो की हालअपेष्टाच माणसाला घडवतात. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण सत्कार समारंभांत ठेवणीतल्या शालीसारखी बाहेर येते.

पेणच्या माणसाला ही म्हण जरा विचित्र वाटायला हवी. कारण देशातले सगळ्यांत जास्त देव जिथे घडतात त्या गावांपैकी पेण एक, आणि पेण-हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत टाकी कुठेच नाही. साच्यात शाडू दाबतात, पाठ आणि पोट जोडतात, ओल्या बोटाने सांधा पुसून काढतात. मग मूर्ती सावलीत ठेवतात. घाईने उन्हात ठेवली की तडा जातो. तडा बुजवता येतो, रंगाखाली दिसतही नाही; पण कारागिराला तो कुठे आहे ते माहीत असतं आणि वाहतुकीत मूर्ती नेमकी तिथेच उलते. (हल्ली बराचसा माल प्लास्टरचा, ते तासाभरात धरतं. पण तो वेगळा वाद.) दगड घाव सोसतो, कारण तो घडून झालेला असतो. मूल शाडूचं असतं.

आणि इतिहास तरी कुठे म्हणीच्या बाजूने आहे? पेण आणि शेजारचं रोहे या दोन तालुक्यांनी देशाला दिलेली मोठी नावं आठवा. विनोबा भावे १८९५ मध्ये पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख रोह्यात वाढले; १९१२ च्या मॅट्रिकला विद्यापीठात पहिले, जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी. पांडुरंगशास्त्री आठवल्यांचा जन्म १९२० चा, रोह्याचाच. तिघांची कर्तबगारी वादातीत. पण देशमुखांचे वडील वकील होते, आठवल्यांचं घर शास्त्र्यांचं होतं, विनोबांच्या घरी आजोबांची देवपूजा, आईची भक्ती आणि वडिलांची बडोद्याची नोकरी होती. तिघांच्याही घरात पुस्तक होतं आणि पुस्तक वाचणारं मोठं माणूस होतं. विनोबांनी १९१६ मध्ये आपली प्रमाणपत्रं चुलीत घातली, ही गोष्ट आम्हाला शाळेत वैराग्याचा दाखला म्हणून सांगत. वैराग्य होतंच. पण जाळायला आधी दाखले हाती असावे लागतात. गागोद्याच्याच आसपासच्या वाड्यांवर जातीचा एक दाखला मिळवायला लोकांनी तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या आहेत.

यावर कोणीतरी नक्की म्हणेल: मग बाबासाहेब? गोणपाटावर वेगळं बसवलेलं ते मूल, पाण्याला हात लावू न दिलेलं. त्या घावांतूनच ते घडले ना? मला हा युक्तिवाद नेहमी अर्धवट वाटत आला आहे. घाव होते, आणि त्यांच्या जोडीला दुसरंही काही होतं. शिक्षणासाठी जीव टाकणारे सुभेदार रामजी होते, मॅट्रिक झाल्यावर बुद्धचरित्र हातात ठेवणारे केळुसकर गुरुजी होते, १९१३ मध्ये अमेरिकेला पाठवणारी सयाजीरावांची शिष्यवृत्ती होती. म्हणजे शब्द पाळणारी माणसं होती. दुसरं म्हणजे, बाबासाहेबांनी स्वतः त्या घावांचं कधी गुणगान केलं नाही. ज्याने सोसलं त्याने वसतिगृहं काढली आणि १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी उभी केली. सोसण्याची महती सांगतात ते बहुधा न सोसलेले.

हालांनी नुकसान होतं हे आता वादाचं राहिलेलं नाही. रुमानियात २००० साली सुरू झालेल्या बुखारेस्टच्या अभ्यासात अनाथालयातल्या १३६ तान्ह्या मुलांपैकी निम्मी, चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून, पालक-कुटुंबांत दिली गेली. घर मिळालेली मुलं बुद्धीच्या चाचण्यांत पुढे गेली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांचा बराच भाग सावरला. उशिरा मिळालेल्यांचा तेवढा नाही. काही तडे बुजत नाहीत. म्हणून बाजारातल्या मुलीच्या हुशारीचं जास्त कौतुक करायचीही मला भीती वाटते. ‘बघा, परिस्थितीने कशी शहाणी केली’ असं म्हणून वाटा घेऊन घरी जाणं फार सोपं आहे.

पण नुकसान एवढीच गोष्ट नसते. नुकसानीसोबत शिकणंही चालू असतं, आणि तिथेच आपल्या समजुतीचा घोटाळा आहे. आपण समजतो की अशा मुलांचं शिकणं अर्धवट राहिलं. माझं म्हणणं असं की ती पुरतं शिकलेली असतात. त्यांच्या जगाने जे शिकवलं ते अगदी नीट. २०१५ मध्ये चिराग मित्तल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं दाखवलं की अस्थिर घरांत वाढलेली मोठी माणसं आपसूक प्रतिक्रियेला आवर घालण्याच्या चाचणीत मागे पडतात, पण एका कामावरून दुसऱ्यावर चटकन लक्ष वळवण्यात इतरांच्या पुढे असतात. तेही कधी? डोक्यात अनिश्चिततेची भावना जागी केलेली असेल तेव्हा. पुढे काय होईल याचा भरवसा नसलेल्या घरात हीच मती कामाला येते: एका जागी रमू नकोस, जे बदलतंय त्यावर डोळा ठेव, हाताशी आहे ते घे.

हाताशी आहे ते घे. इथे त्या मुलीचं दुसरं उत्तर येतं.

वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग आता पालकसभांतही सांगतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मुलापुढे एक गोड मार्शमॅलो ठेवायचा; मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. थांबलेली मुलं पुढे आयुष्यात सरस ठरली, म्हणून संयम शिकवा. प्रयोगातली बरीचशी मुलं विद्यापीठातल्या प्राध्यापकांची होती हे मात्र पालकसभेत सांगत नाहीत. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आदींनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती घेऊन घरची पार्श्वभूमी वजा केली, तर त्या थांबण्याचं भाकीत बरंचसं विरून गेलं. पण मला सगळ्यांत आवडतो तो सेलेस्ट किड यांचा प्रयोग. विद्यार्थिदशेत त्यांनी बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यात काम केलं होतं, आणि तिथे त्यांच्या मनात आलं की ही पोरं मार्शमॅलो लगेच खातील. मूर्ख म्हणून नव्हे, शहाणी म्हणून. मग रॉचेस्टरला त्यांनी २८ मुलं घेतली. खाऊच्या आधी प्रत्येकाला सांगितलं, चित्र काढायला याहून छान रंग आणते, थांब. निम्म्यांना खरंच आणून दिले. निम्म्यांना सांगितलं, माफ कर, रंग नाहीतच. मग खाऊचा खेळ. शब्द पाळलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, फसवलेली ३ मिनिटं. पंधरा मिनिटांची पूर्ण वेळ पहिल्या चौदांपैकी नऊ जणांनी काढली, दुसऱ्या चौदांपैकी एकाने.

रंगांची फसवणूक, आणि संयम एवढा खाली येतो. ज्याच्या आयुष्यात रंग कधीच आले नाहीत त्याच्यासाठी आपण संयमाचा तास घेतो.

याचा मोठ्यांसाठीचा प्रयोग पाहायला रॉचेस्टरला जायला नको. पेणला झालाय. पेण अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. बनावट कर्जखात्यांची प्रकरणं बाहेर आली, पुढे परवानाही गेला. खातेदार दोन लाखांच्या आसपास होते. त्यांत भाजीवाल्या होत्या, कारखान्यांत मूर्ती रंगवणारे होते, निवृत्त शिक्षक होते. म्हणजे नेमकी तीच माणसं, ज्यांनी आज न खाता उद्यासाठी ठेवलं. मोर्चे निघाले, तारखा पडल्या, वर्षं गेली. त्या वर्षांत ज्या घरात मुलीचं लग्न किंवा आईचं आजारपण निघालं, त्या घरातलं पोर बचतीबद्दल काय शिकलं असेल? ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हे नक्कीच नाही. अंथरुणाखालीच पैसे ठेवावे, हे. पुस्तकातला बचतीचा धडा आणि समोर रडणारी आजी यांत मूल आजीवर विश्वास ठेवतं, आणि ठेवावाच. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नर देशमुखांचं रोहे पेणहून एका तालुक्याच्या अंतरावर आहे, हा योगायोग मला उगीचच टोचतो.

वाड्यांवरचा उद्या तर याहून लवकर बुडतो. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, आणि उन्हाळा संपताना परततात. पण हा निर्णय दिवाळीत होत नाही. तो होतो श्रावण-भाद्रपदात, मजुरी बंद, घरातलं धान्य तळाला गेलेलं असताना. तेव्हा मुकादम येतो, बयाणा देतो. बयाणा घेतला की हंगाम बांधला गेला. मग हजार विटांमागे दर, आठवड्याला खर्ची, हिशेबाची वही मालकाकडे. जेवढ्या विटा जास्त तेवढं बयाण्यातून लवकर सुटणं, म्हणून पोरं विटा पलटायला लागतात, आणि थोरली मुलगी धाकट्याला कडेवर घेते. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ चा आहे. तरी हंगामाच्या शेवटी ‘अंगावर बाकी’ हा शब्द अजून ऐकू येतो.

शहरातला माणूस म्हणतो, यांना उद्याचा विचारच नाही. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवर झालेला अभ्यास इथे आठवतो. उसाचे पैसे वर्षातून एकदा येतात. आनंदी मणी, सेंदिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी ४६४ शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी तोडणीआधी, हात रिकामा असताना घेतली, आणि तोडणीनंतर पुन्हा घेतली. माणूस तोच, मेंदू तोच. हात रिकामा असताना गुण लक्षणीय कमी आले. २०१३ मध्ये हा निबंध ‘सायन्स’मध्ये छापून आला. आता हे बयाण्याला लावून पाहा. कातकरी घरातला वर्षाचा सगळ्यांत मोठा निर्णय, ज्यात मुलांची शाळाही जाते, तो वर्षातल्या सगळ्यांत वाईट महिन्यात घ्यावा लागतो. मुकादमाने मानसशास्त्राचं पुस्तक वाचलेलं नाही, पण महिना त्याला बरोबर कळतो. आदिवासी कुटुंबांसाठीच्या सरकारी खावटी योजनेमागची कल्पना मुळात हीच होती, की पावसाळ्यात घरात धान्य पडलं तर बयाणा टळेल. तेव्हा तिच्यात रक्कम किती हा प्रश्न दुय्यम आहे. ती कोणत्या महिन्यात हातात पडते, यावर ती योजना आहे की अनुदान-वाटप आहे हे ठरतं. कार्तिकात मिळालेली खावटी ही भट्टीवर जाताना वाटेत मिळालेली शिदोरी.

आणि ही माणसं लांबचा विचार करतच नाहीत, असंही नाही. २१ सप्टेंबर २००८ ला पेण तालुक्यातल्या २२ गावांत सरकारने मतदान घेतलं: महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमीन द्यायची की नाही. ही हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली गावं. धरण झालं, पाणी नवी मुंबईला गेलं, आणि इथल्या खाचरांना कालव्याचं आश्वासन मिळालं. भाताच्या एका पिकावर वाढलेली, खारेपाटात तर लहानपणापासून हंड्यांमागे धावलेली माणसं. समोर रोख रक्कम, एकरकमी. मार्शमॅलोच तो. बहुसंख्य मतं विरोधात पडली आणि पुढे तो प्रकल्प बारगळला.

या दोन गोष्टी मला एकत्र ठेवाव्याशा वाटतात. एकाच तालुक्यात बयाणा घेणारा आहे आणि रोख नाकारणाराही आहे. दोघांच्या स्वभावात फरक शोधण्यात काही अर्थ नाही. एकाच्या पायाखाली सातबारा आहे, दुसऱ्याची झोपडी कोणाच्या तरी जमिनीवर आहे. ज्याची वाट पाहायची ते आपलं आहे आणि राहील असा भरवसा असला, की माणूस पिढी-पिढी थांबतो. अर्ध्या भाकरीवर वाढला असला तरी. संयम नावाचा गुण मुलाच्या छातीत असतो असं आपण मानतो. मला तो जमिनीच्या कागदात, शिधापत्रिकेत, वेळेवर येणाऱ्या गुरुजींत जास्त सापडतो.

नव्वदच्या दशकात वसईकडे विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर शाळा सुरू केल्या. भट्टीवरच्या तात्पुरत्या खोपटाला भोंगा म्हणतात, म्हणून भोंगाशाळा. तिथे शिकवत काय होते यापेक्षा ती कुठे होती हे मला महत्त्वाचं वाटतं. मूल शाळेपर्यंत येईल याची वाट न पाहता शाळा मुलापर्यंत गेली, आणि दुसऱ्या दिवशीही तिथेच होती. शासनानेही पुढे स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड काढलं, जाल तिथे दाखवा, वर्गात घेतील. कार्ड चांगलं आहे. पण ‘हमी’ हा शब्द छापल्याने हमी येत नाही. दिवाळीनंतर पटावरून नाव न खोडता जून महिन्यात त्या पोरीकडे बघून ‘आलीस का? तुझं पुस्तक ठेवलंय’ म्हणणाऱ्या बाई ज्या शाळेत असतील, तिथे ती हमी. आणि त्या बाईंनी कधीतरी पस्तीसच्या चार नारळांचा हिशेब फळ्यावर मुलीच्या रीतीने मांडला, तिनाचे एकशेपाच, त्यावर तीस, त्यावर पाच, आणि मग शेजारी उभी मांडणी करून दाखवली की बघ, तू करतेस तेच हे, हातचा म्हणजे चार पाचांचे वीस, तर पूल बांधायला फारसं सिमेंट लागू नये. असे शिक्षक आहेत. मी दोघांना ओळखतो. बदल्या झाल्या.

राहता राहिलं ते रविवारचं. मी त्या मुलीला चार जुड्या ठेव म्हणालो होतो आणि तिने त्याला हो म्हटलं नव्हतं, हे तेव्हा मला जरा लागलं होतं. मी काय तसल्या लोकांपैकी आहे का, असं काहीसं. पुढच्या रविवारी सकाळपासून पाऊस लागला होता, वडखळला गाड्या अडकल्याचं कोणीतरी सांगितलं. मी गेलो नाही.